बरोबरच्या दोन्ही बाजू

४ सप्टेंबर

आत्या,

नमस्कार वगैरे वगैरे. पत्राची सुरुवात नीट कशी करायची ते आईने शिकवलंय, पण हे पत्र आईला माहीत नाही, त्यामुळे तिने शिकवलेलं इथे वापरणं बरं दिसत नाही.

फोनच केला असता. पण मला फोन नाही, आणि आईच्या फोनमध्ये तुझा नंबर 'उचलायचा नाही' या नावाने आहे.

मला बीजगणित येत नाही. जरा कच्चं आहे असं नाही, येतच नाही. बाकी सगळं येतं. शाळा सोडून वर्ष होत आलं. सकाळी आई मला शिकवते आणि दुपारी मागच्या खोलीत कवळ्या बनवते. मी तिथेच कोपऱ्यातल्या टेबलाशी गणितं घेऊन बसते. समोरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात. माझं उत्तर चुकलं की ते सगळे दात काढतात.

इतिहास शिकवताना आई काय छान असते! "असं का झालं असेल, सांग बघू," म्हणते आणि मी काहीही बरळले तरी ऐकून घेते. बीजगणिताचं पुस्तक उघडलं की तिचा आवाजच बदलतो. परवा मी विचारलं, इकडचं तिकडे नेलं की अधिकचं उणे का होतं? म्हणाली, "नियम आहे." मी म्हटलं, कुणाचा? म्हणाली, "बीजगणिताचा. पुढचं गणित कर." आत्या, शाळेतल्या सरांचं अगदी हेच वाक्य होतं. मी तसं बोलून दाखवलं. मग आईने घासायचं मशीन सुरू केलं आणि कुणाच्या तरी दाढेवर सगळा राग काढला.

बाबांची अट तुला माहीत आहे का? मार्चमध्ये बाहेरून परीक्षा द्यायची, आणि बीजगणितात नापास झाले तर परत शाळा. बाबा ओरडून सांगत नाहीत, एक्स-रे वाचून दाखवावा तसं सांगतात, म्हणून जास्त धडकी भरते.

मी शाळेत जाणार नाही. हे तुला आवडणार नाही, कारण तू स्वतःच मास्तरीण आहेस आणि "एका मास्तरापायी शाळा सोडतं का कुणी" असं आईला म्हणाली होतीस. तरी तुलाच लिहितेय, कारण आपल्या घरात गणित फक्त तुला येतं. मदत कर. पण 'शाळेत जा' असं लिहायचं नाही. लिहिलंस तर उत्तर देणार नाही.

भुंगा


१२ सप्टेंबर

भुंग्या,

शाळेत जा.

लिहिलं. आता दे नको देऊस उत्तर. मला जे वाटतं ते मी तुझ्या धमकीला भिऊन गिळणार नाही, आणि तूही गिळू नकोस. शाळेबद्दल आपलं पटत नाही हे इथेच लिहून ठेवू आणि कामाला लागू.

दोन गोष्टी हव्यात. एक, तुझे कच्च्या कामाचे कागद. सुवाच्य अक्षरातली, लाल रेघ मारलेली वही नको. खोडलेले, मुरगळलेले, रागाने फाडलेले कागद पाठव. चूक तिथे राहते. दुसरी, आईला सांग. तुझ्या आईचं आणि माझं बोलणं बंद आहे, म्हणून तिच्या पाठीमागे तिच्या पोरीला शिकवायला मी काही चोर नाही.

आणि एक प्रश्न. २क्ष + ३ = ११ हे जमतं का? २क्ष + ३ = क्ष + ८ हे? दोन्हींपैकी कुठे अडतेस, आणि अडताना मनात काय येतं ते शब्दांत लिही. 'मला येत नाही' एवढंच लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

तुझी आत्या


२० सप्टेंबर

वन्सं,

इतक्या वर्षांत तुम्हाला कधी वन्सं म्हटलं नाही. आज म्हणतेय, त्यावरून मी किती रागावले आहे ते समजून घ्या.

पत्र माझ्या हातात पडलं. 'शाळेत जा' ही पहिली ओळ वाचूनच चूल पेटवायला काढलं होतं. आमच्याकडे चूल नाही म्हणून वाचलं.

तुम्हाला त्या दिवसाचं काय सांगितलं गेलं माहीत नाही. तुमचे भाऊ कमी बोलतात. तेव्हा माझ्याकडून ऐका. त्या सरांची पद्धत अशी होती की गणित चुकलं की खडू हातात देऊन फळ्याकडे तोंड करून उभं करायचं, उत्तर आठवेपर्यंत. तुमची भाची मधली सुट्टी संपून पुढचा तासही तशीच उभी होती. मुलं डबे खाऊन आली तरी हिच्या हातात खडू. मी कशाला तरी शाळेत गेले म्हणून दिसली. त्यानंतर हिने वर्गात बोलणं सोडलं, मग घरात सोडलं. दिवसभर प्रश्नांची भुणभुण लावते म्हणून जिला आपण भुंगा म्हणतो, ती पोर ताट वाढलं तरी 'हो' म्हणेना. तुम्ही म्हणालात, दुसरी तुकडी बघा, एवढ्या-तेवढ्याने खचू देऊ नका. मी म्हटलं, पुरे. आणि काढली.

घरी आल्यावर किती दिवसांनी ती पहिल्यांदा "का?" म्हणाली, तेव्हा माझ्या हातातला मेणाचा जबडा खाली पडला आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

त्यामुळे शाळेची भाषा माझ्या घरात नको. हो, बीजगणित मला येत नाही. मला ते कधीच कळलं नाही, मी पाठ करून पास झाले. पण शिकवेन. शिकून शिकवेन.

कागद पाठवते आहे. तुम्ही मागितले म्हणून नव्हे. पोर किती खपते आहे ते दिसावं म्हणून. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिने मागे लिहिलंय. मी वाचलं, मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही, आणि त्याचीच भीती वाटली.

तुमची वहिनी


२८ सप्टेंबर

वहिनी,

वन्सं म्हणालात ते मला आवडलं. भारदस्त वाटतं. चालू ठेवा.

फळ्यापाशी उभं केल्याचं दादाने सांगितलं होतं. सुट्टी ओलांडून उभं केल्याचं सांगितलं नव्हतं. त्या सरांना मी मास्तर म्हणत नाही. पण यामुळे शाळेबद्दलचं माझं मत बदललं असं समजू नका. ते नंतर भांडू.

कागद टेबलावर पसरून बसले आहे. चूक सापडली, आणि ती बीजगणितातली नाहीच.

तिची ही ओळ बघा: ३ × ४ = १२ + ५ = १७ − २ = १५. शेवटचं उत्तर बरोबर. पण ओळ वाचा. तीन चोक म्हणजे बारा अधिक पाच? बारा अधिक पाच म्हणजे पंधरा? भुंग्यासाठी '=' म्हणजे 'दोन्ही बाजू सारख्या' असं नाहीच. तिच्यासाठी ते दुकानातल्या घंटीसारखं आहे. वाजवली की उत्तर बाहेर येतं. म्हणून २क्ष + ३ = ११ तिला जमतं, कारण अकरा हे उत्तर. आणि २क्ष + ३ = क्ष + ८ बघून तिने मागे काय लिहिलंय? 'उजवीकडे उत्तर असतं. मग उत्तरातच क्ष कसा? उत्तरालाच उत्तर माहीत नाही का?' मी हे वाक्य मोठ्याने वाचलं आणि हसत सुटले, आणि मग हसू आपोआप थांबलं. इतकं स्पष्ट लिहिणाऱ्या मुलीला आपण मठ्ठ समजत होतो.

आणखी एक. हे तुमच्या घरात बिघडलेलं नाही. हे पहिलीत बिघडतं. शाळेत. नुसती डावीकडे बेरीज आणि उजवीकडे चौकोन, अशी पानंच्या पानं भरून घेतली की कुठल्याही मुलाला असंच वाटणार.

तेव्हा एक महिना क्ष बंद. पुस्तक बंद. फक्त '='. ७ = ३ + ४ असं उलटं लिहा. ९ + ४ = किती + ६ असं विचारा. ती तेरा म्हणेल. रागावू नका, आणि देवाशपथ 'नियम आहे' म्हणू नका. दोन बाजू एकमेकींना धरून असतात हे तिला हाताला जाणवेल असं काहीतरी शोधा. काय ते तुमचं तुम्ही शोधा, तुमच्या घरात काय आहे ते मला इथून दिसत नाही.

आत्याबाई


६ नोव्हेंबर

आत्या,

क्ष सुटला! म्हणजे पळून नाही गेला, सोडवला.

झालं असं. आईने सगळं करून पाहिलं. चमचे मांडले, बटणं मांडली, मला कंटाळा आला, तिला रडू आलं. मग एक दिवस ती मागच्या खोलीत एक कवळी तपासत होती. बिजागरी असलेल्या चौकटीत वरचा आणि खालचा जबडा बसवायचा, मध्ये निळा कागद ठेवायचा आणि मिटायचं. जिथे जास्त टेकतं तिथे निळा डाग पडतो. तिने वरच्या एका दाताचा डाग घासला, परत मिटलं, तर आता दुसरीकडेच टेकायला लागलं, आणि एका बाजूला फट राहिली. ती स्वतःशीच म्हणाली, "एकीकडचं काढलं की दुसरीकडेही बघावं लागतं." आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी तिच्याकडे.

आई म्हणाली, "अगं, हेच ते!"

मी म्हटलं, म्हणजे बरोबर म्हणजे 'उत्तर आलं' असं नाही? बरोबर म्हणजे 'टेकलं'?

आई म्हणाली, "टेकलं. सगळीकडून टेकलं."

त्या दिवशी एका आजोबांची कवळी उशिरा गेली. २क्ष + ३ = क्ष + ८. दोन्हीकडून एकेक क्ष काढला. क्ष + ३ = ८. दोन्हीकडून तीन काढले. क्ष = ५. मग पाच परत आत घालून पाहिले: इकडे तेरा, तिकडे तेरा. टेकलं! मी ओरडले तर शेजारच्या काकू विचारायला आल्या.

आता ऐक. पुस्तकात 'पक्षांतर' म्हणून एक प्रकार आहे. 'पक्षांतर केल्यास चिन्ह बदलते.' बाबा म्हणाले, हे तर रोज बातम्यांत असतं. पण आत्या, हे खोटं आहे. कुणीच इकडून तिकडे जात नाही. दोन्हीकडून तीन काढले की इकडचे संपतात आणि तिकडचे कमी होतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं की तीनने उडी मारली. मी पक्षांतर करणार नाही. परीक्षेतसुद्धा.

तुझी पत्रं आई दोनदा वाचते. पहिल्यांदा भुवया वर करून आणि दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन.

भुंगा


१९ नोव्हेंबर

भुंग्या,

तुझ्या आईला सांग, असलं काही मला वीस वर्षांत सुचलं नाही. उपमा फार ताणू नका, दात बत्तीसच असतात आणि क्षला काही धरबंध नसतो. पण सुरुवातीला याहून चांगलं नाही.

पक्षांतराबद्दल तुझं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. तरीही परीक्षेत लिही. लेखी परीक्षा झाली की तोंडी असते, आणि तोंडी घेणारे बहुतेक जण पुस्तकातलं वाक्य कानावर पडायची वाट बघत बसलेले असतात. ते वाक्य म्हण, गुण घे, घरी ये आणि मग हवं ते मान. परीक्षेपुरतं. तुला शाळेत जायचं नाही ना? मग एवढी किंमत मोजायला काय हरकत आहे?

तुझा तो तीन चोक बाराचा कागद मी माझ्याकडे ठेवून घेऊ का? एका कामासाठी हवा आहे. नाव झाकेन.

आत्या


२७ नोव्हेंबर

आत्या,

कागद ठेव. नाव नको झाकूस, मी काही लाजत नाही.

आणि नाही, परीक्षेपुरतंसुद्धा म्हणणार नाही. शाळेतले सर असंच म्हणायचे, 'आत्ता नुसतं म्हण, त्याचं कारण नंतर कळेल.' नंतर कधी येतच नाही. तू गणित शिकवतेस आणि मला खोटं बोलायला सांगतेस?

भुंगा


२ फेब्रुवारी

वन्सं,

दोन महिने झाले, तुमचं पत्र नाही. भुंगा वरवर काही बोलत नाही, पण पोस्टमन येऊन गेला की दारापर्यंत जाऊन येते. 'मी आत्याला खोटारडी म्हटलं म्हणून ती रागावली' असं तिने ठरवून टाकलंय. मी म्हटलं, तुझी आत्या एवढ्याने रागावली असती तर माझ्याशी बोलायला शिल्लकच राहिली नसती.

खरंच रागावला असाल तर माझ्यावर काढा. मी तिला शिकवलंय, पटलं नाही तर म्हणू नकोस. ते मी मागे घेणार नाही. पण पोरीला चार ओळी लिहा.

अभ्यास जोरात आहे. आता मी तिच्यापुढे एक धडा असते. कधी कधी अर्धाच.

तुमची वहिनी


१० फेब्रुवारी

वहिनी आणि भुंग्या,

दोघींना एकच पत्र लिहिते, कारण कुणापासून काही लपवायचा कंटाळा आला.

रागावले नव्हते. इथे जरा रामायण झालं. भुंग्याच्या कागदावरून मला राहवेना. मी आमच्या सातवीच्या तिन्ही तुकड्यांना ९ + ४ = □ + ६ हे एकच गणित घातलं. निम्म्याहून जास्त मुलांनी तेरा लिहिलं. घरी शिकणारी नव्हेत, आमची. रोज येणारी, रांगेत उभी राहणारी. मी ते सगळे कागद शिक्षकांच्या खोलीतल्या फलकावर लावले, मधोमध भुंग्याचा, आणि खाली लिहिलं, 'हे आपण शिकवलं आहे.'

मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, "पालकांच्या नजरेस पडलं तर? काढून टाका." मी म्हटलं, "मुलांच्या डोक्यातून काढू, मग फलकावरून काढते." म्हणाल्या, "चूक झाली असं लिहून द्या." मी म्हटलं, "झाली आहेच, तेच तर खाली लिहिलंय." मग संस्थेची माणसं आली, चहा झाला, आवाज चढले. शेवटी माझ्याकडून वरचे वर्ग काढून घेतले, आणि धडा शिकवायचा म्हणून मला कुठे टाकलं असेल? पहिलीत.

वहिनी, मी त्यांच्यासमोर मान खाली घातली, कारण हसू दिसलं असतं. '=' पहिलीतच तर शिकवतात!

सोमवारी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं, ७ = ३ + ४. एक दात पडलेला गृहस्थ उठून म्हणाला, "बाई, उलटं लिहिलंय." आम्ही त्यावर पूर्ण तास भांडलो. शुक्रवारी तोच गृहस्थ ७ = ७ लिहून घेऊन आला आणि म्हणाला, "हे पण चालेल." मला इथून कुणी हलवून दाखवावं.

भुंग्या, तुला परीक्षेपुरतं म्हण असं सांगितलं होतं ना? मला स्वतःला ते जमलं नाही. तेव्हा तो सल्ला मी परत घेते. तुला जे करायचं ते कर. पण निस्तरावंही तुलाच लागेल, हे डोक्यात ठेव.

आत्या


२४ मार्च

आत्या,

लेखी छान गेली. तोंडीचं नीट सांगते.

खोलीत एक लांब टेबल, फळा, आणि पलीकडे परीक्षक. टेबलावर पाण्याचा तांब्या, त्याच्यावर पेला उपडा. गणित दिलं, ५क्ष − ३ = २क्ष + ९. मी फळ्यावर सोडवलं. दोन्हीकडून दोन क्ष काढले, दोन्हीकडे तीन मिळवले, तीन क्ष बरोबर बारा, क्ष बरोबर चार. चार परत घालून दाखवले. इकडे सतरा, तिकडे सतरा.

ते म्हणाले, "उत्तर ठीक. पण रीत? कुठला नियम वापरलास?"

मी म्हटलं, "दोन्ही बाजूंना सारखंच केलं."

"त्याला काय म्हणतात?"

"पुस्तकात पक्षांतर म्हणतात. पण तसं काही होत नाही. कुणीच बाजू बदलत नाही."

"मी तुझं मत विचारलं नाही. नियम म्हण."

"मला पाठ आहे. पण म्हणायचा नाही."

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "घरी शिकतेस ना? तरीच. उभी राहा तिथे. म्हणावासा वाटेल तेव्हा म्हण. मला घाई नाही."

आत्या, हातात खडू होता. तेव्हासारखाच. मी फळ्याकडे वळलेसुद्धा. मग समोर माझंच अक्षर दिसलं. सतरा बरोबर सतरा. मी मनाशी म्हटलं, हे तर बरोबर आहे! मग मी कशासाठी उभी आहे?

मी खडू खाली ठेवला आणि खुर्चीवर जाऊन बसले. म्हणाले, "सर, गणित सुटलंय. मी उभी राहणार नाही."

ते म्हणाले, "शून्य देईन."

मी म्हटलं, "द्या."

त्यांनी दिलं. तोंडीत पास झाल्याशिवाय विषय सुटत नाही, त्यामुळे निकालपत्रावर नापास येणार. बाहेर येईपर्यंत मी अगदी ताठ होते. जिन्यात रडले. आई तिथेच पायरीवर शेजारी बसली.

बाबांना घरी सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अट काय होती?"

मी म्हटलं, "बीजगणितात नापास झाले तर शाळा."

"बीजगणित चुकलं का तुझं?"

"नाही. बोलले म्हणून नापास केलं."

बाबांनी घास खाली ठेवला. "बोलली म्हणून?" असं दोनदा म्हणाले, आणि आत्या, ते एकदम हसायलाच लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आईकडे बघून म्हणाले, "ऐकलंस का? आपली भुंगी बोलली म्हणून नापास झाली!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बोलणं मी अटीत घातलं नव्हतं. तोंडी परत देता येते. दे."

मेमध्ये परत आहे. मी तेच बोलणार आहे.

भुंगा


१ एप्रिल

भुंग्या,

तुझं पत्र मी पहिलीच्या वर्गात वाचलं. माझे डोळे बघून त्या दात पडलेल्या गृहस्थांनी विचारलं, "बाई, तुमचं गणित चुकलं का?" मी म्हटलं, "नाही रे. टेकलं."

एकच सांगते. फेरपरीक्षेला दोन परीक्षक असावेत अशी मागणी करता येते. अर्ज तूच लिही, वहिनींनी नाही. आणि आवाज चढवू नकोस. बरोबर असताना आवाज चढवावा लागत नाही. मला हे उशिरा कळलं, म्हणून तर पहिलीत आहे.

आत्या


१९ मे

वन्सं,

हे पत्र मी लिहितेय कारण भुंगा दमून झोपली आहे, भर दुपारी, जबड्यांच्या खोलीत, टेबलावर डोकं ठेवून.

काल तोंडीला मी दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. दार नीट लागत नव्हतं, त्याला मी काय करणार? मागच्या वेळचेच परीक्षक होते आणि शेजारी एक बाई. गणित सोडवलं. पुन्हा तोच प्रश्न आला, नियम कुठला? पुन्हा तिने तेच सांगितलं, शब्दाला शब्द, आवाज न चढवता. बाई म्हणाल्या, "कारण सांगते आहे की ती. नियम तरी आणखी काय असतो?" त्यावर ते गृहस्थ पुढच्या प्रश्नाकडे वळले. मग म्हणाले, "बरं. ऋण गुणिले ऋण?"

"धन."

"का?"

मी डोळे मिटले. वन्सं, ते मलाही माहीत नाही.

ती म्हणाली, "माहीत नाही, सर."

"म्हणजे हा नियम चालतो, आणि पक्षांतर चालत नाही?"

"हा मी उसना वापरते. कारण मिळालं की माझा होईल. नाही मिळालं तर परत येऊन तुम्हाला विचारीन."

आत कुणीतरी हसलं. बहुतेक बाईच. मग पेन चालल्याचा आवाज आला आणि दार उघडलं. पास झाली. काठावर का होईना, दोघांच्या सहीने. त्या गृहस्थांनी मला बाकावर पाहिलं आणि म्हणाले, "मुलगी फार हट्टी आहे."

मी म्हटलं, "हो. घरचं शिक्षण आहे."

संध्याकाळी तुमच्या भावाने तिला विचारलं, आता तरी शाळेत जाऊन बघायचंय का? ती म्हणाली, "जाईन कधीतरी, पण मला वाटेल तेव्हा. नापास झाले म्हणून नाही आणि पास झाले म्हणूनही नाही." मला हे थोडं बोचलं, खोटं कशाला सांगू. मला 'कधीच नाही' ऐकायचं होतं. तुम्हाला नक्की आनंद होईल. होऊ द्या.

तुम्हाला सुट्ट्या लागल्या असतील. या. शाळेबद्दल माझं मत बदललेलं नाही आणि तुमचं बदलणार नाही, ते समोरासमोर बसून भांडू. पत्रात मधेच तोडता येत नाही. फोनमध्ये तुमचं नाव आता नुसतं 'वन्सं' आहे, गाडी किती वाजता पोहोचते ते कळवा.

पण लवकर या. काल घरी आल्यापासून पोर एकच विचारते आहे, ऋण गुणिले ऋण धन का? सकाळी दात घासताना विचारलं, बाबा कामाला निघाले तर जिन्यापर्यंत जाऊन विचारलं. मला येत नाही, आणि 'नियम आहे' हे मी आता मेले तरी म्हणणार नाही. येताना खाऊ-बिऊ काही आणू नका. कारण घेऊन या.

तुमची वहिनी